पंडिता रमाबाईंची देवावरील श्रद्धा



शाळेच्या मराठी पुस्तकांत पंडिता रमाबाईंची ओळख बहुधा चार ओळींत उरकलेली असते. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. या शेवटच्या वाक्यापाशी लिहिणारा थोडा अडखळतो आणि घाईने पुढे जातो. आम्ही स्वतः गणपती बसवणाऱ्या घरातले आहोत. पण दर वर्षी 9 सप्टेंबरला सेंत-क्रुआ येथे पेर लावाल यांच्या समाधीपाशी आमच्या बेटावरचे सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात. तेथे कोणी कोणाला धर्म विचारत नाही. तेव्हा एका ख्रिस्ती मराठी बाईंचे चरित्र सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही.

रमाबाईंकडे आम्ही वळलो ते एका जुन्या प्रश्नामुळे. 1960 च्या कॅरोल वादळाच्या आठवणी आमची वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा शेवटी हा प्रश्न हमखास निघे. जो रोज तुळशीपाशी दिवा लावत होता, त्याच्याच घरावरचे पत्रे का उडाले? देवावर ज्याचा भरवसा, त्याच्याच वाट्याला दुःख का? रमाबाईंना हा प्रश्न वयाच्या सोळाव्या वर्षी पडला, तोही उपाशी पोटी.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विलक्षण गृहस्थ. त्यांचे गुरू पुण्याला पेशव्यांच्या वाड्यात बाईसाहेबांना संस्कृत शिकवीत. एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांनी मनाशी ठरवले की आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर, बऱ्याच वर्षांनी, तीर्थयात्रेत लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. या वेळी त्यांनी कोणाचे ऐकले नाही. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून उडुपीच्या पंडितांनी जाब विचारला, तेव्हा शास्त्रांतलेच आधार काढून त्यांनी आपली बाजू मांडली. पण लोकांचा त्रास नको म्हणून पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्या रानात 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असतानाच पैसा संपला आणि कुटुंब बाहेर पडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका नोकराच्या डोक्यावरून, ही मुलगी पहिला प्रवास करती झाली. पुढची पंधरासोळा वर्षे आईवडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा गावोगाव फिरत होती. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्या दक्षिणेवर राहायचे आणि त्यातूनही दानधर्म करायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. आई पहाटे, घरकामाला हात लावण्यापूर्वी, मुलीला उठवून श्लोक शिकवी. त्यातून भागवताचे 18000 श्लोक त्या मुलीला तोंडपाठ झाले. मुलांकडून चार ओळींची कविता पाठ करून घेताना आम्हांला घाम फुटतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

मग 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? शास्त्रीबुवा वृद्ध झालेले, डोळे जवळजवळ गेलेले. शास्त्रात सांगितलेला प्रत्येक उपाय त्यांनी केला. तीर्थांत स्नाने केली, अनुष्ठाने केली. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, पितळेची गेली. शेवटची नाणीदेखील त्यांनी ब्राह्मणांना दान दिली, कारण दान केल्याने देव प्रसन्न होतो असा त्यांचा पक्का विश्वास होता. देव प्रसन्न झाला नाही. अकरा दिवस आणि अकरा रात्री हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर खाऊन राहिले.

शेवटी शास्त्रीबुवांनी तळ्यात उतरून जलसमाधी घेण्याचे ठरवले. त्यांच्या मते ते पाप नव्हते. त्यांनी एकेकाला जवळ बोलावून निरोप घेतला. रमा सर्वांत धाकटी आणि लाडकी. तिला छातीशी धरून त्यांनी सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच आहेस, आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या, जग फिरल्या, हजारो मुलींच्या आई झाल्या, पण आंधळ्या वडिलांचा तो निरोप त्या कधी विसरल्या नाहीत. वडील ज्या देवाचे नाव घेत होते, त्याला ते पूर्ण ओळखत नव्हते, पण त्यांनी मला सोपवले ते योग्य हातीच, असे त्यांना पुढे वाटू लागले. धर्म बदलताना त्यांनी बापाला मागे टाकले नाही, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

जलसमाधीची वेळ आली नाही. श्रीनिवास पुढे झाला. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी करायची नाही हा बाणा सोडतो आणि मिळेल ते काम करतो, असे त्याने वडिलांना सांगितले. पण उशीर झाला होता. वडील गेले. मग आई तापाने पडली. आईने भाकरीचा तुकडा मागितला म्हणून रमा शेजारच्या एका बाईकडे गेली, पण भीक मागायला जीभ उचलेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने न विचारताच ओळखले आणि तुकडा दिला. तो घेऊन रमा धावत आली, पण आईला तो गिळता आला नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, श्रीनिवास आणि रमा अशा चौघांनी तिरडी उचलली. रमा उंचीने कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान कोसभराहून दूर होते. पुढे थोड्याच काळात कृष्णाबाईही वारली.

आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर या बेटावर आले. कोणी का आले याच्या कहाण्या घराघरांत वेगळ्या, पण भूक हा शब्द बहुतेक कहाण्यांत असतो. त्यामुळे ही भाकरीच्या तुकड्याची गोष्ट आम्हांला परक्याची वाटत नाही.

आता भाऊबहीण दोघेच उरली. ती पायी चालत सुटली आणि सुमारे 4000 मैल चालली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी थडग्यासारखे खड्डे खणले, त्यांत झोपून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मीठ घालून खाल्ले. देवदर्शने चालूच होती, पण मनातली श्रद्धा आटत चालली होती. सांगितलेले सर्व केले आणि काहीच मिळाले नाही, मग हे सर्व खरे कशावरून, असे दोघे एकमेकांना विचारू लागली.

1878 मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मराठी मुलीचे संस्कृत ऐकून तेथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच ख्रिस्ती लोकांची प्रार्थना तिने प्रथम पाहिली. सर्वजण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकतात हे पाहून, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे त्या दोघांना वाटले. पुढच्या आयुष्याचा विचार केला म्हणजे या प्रसंगाची गंमत वाटते.

1880 च्या मे महिन्यात ढाक्याला श्रीनिवास गेला. मरताना त्याला एकच चिंता होती की हिचे काय होणार. रमाबाईंनी त्याला सांगितले की आपली काळजी घ्यायला देवाशिवाय कोणी नाही. तो म्हणाला, देव काळजी घेत असेल तर मग मला कशाचेच भय नाही. ज्या दोघांनी देवावरचा विश्वास जवळजवळ गमावला होता, त्यांचे हे शेवटचे बोलणे. आपण त्या वेळी असे का म्हणालो हे रमाबाईंना तरी नीट कळले असेल का?

त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. लोकांनी दोघांनाही वाळीत टाकले. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तोच, 4 फेब्रुवारी 1882 रोजी, मेधावींना पटकीने नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा पोहोचवला होता.

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज सांगितली. 1883 मध्ये वैद्यकी शिकावी म्हणून मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. कान अधू होत चालल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज येथेच मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? पुण्यात यावरून काहूर उठले. लोभाने घेतला असेही लोक म्हणाले. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. रमाबाईंनी सांगितलेले कारण साधे आहे. लंडनमध्ये फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले घर त्यांनी पाहिले. अशा बायकांना हाकलून देण्याऐवजी जवळ करतात, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचायला मिळाली. त्या बाईचा पूर्वेतिहास ठाऊक असूनही येशूने तिचा तिरस्कार केला नाही. तेथे रमाबाईंचे मन वळले. तिरडी डोक्यावर घेणाऱ्या मुलीला युक्तिवादाने कोणी जिंकले नसते, असे आमचे मत आहे.

पण त्या कोणाच्या ताटाखालचे मांजर झाल्या नाहीत. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या धर्मतत्त्वांवरून पत्रांतून भांडल्या. मांसाहार केला नाही, लुगडे सोडले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती मलाही कळत नाहीत आणि माझ्या लोकांनाही नाहीत, त्यापेक्षा संस्कृत घाला, असा त्यांचा आग्रह होता. गुरुबहिणींना हा हट्ट आणि गर्व वाटे.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या बाया कर्वे. दुसऱ्या वर्षी सदन पुण्यास हलले. धर्माची सक्ती नव्हती. सोवळ्याओवळ्याची सोय होती. मात्र रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावा, असे सांगण्यात आले. त्यांनी लावले नाही. 1893 मध्ये यावरून मोठे वादळ झाले. केसरीने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. पालकांची बाजू आम्ही समजू शकतो. आमची मुलगी असती तर आम्हीही कदाचित घाबरलो असतो. पण स्वतःच्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईला दोष द्यायलाही आमचे मन धजत नाही.

या सर्व काळात रमाबाईंच्या मनाला पूर्ण शांती नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी त्यांची स्वतःची कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी ही तगमग शमली. आता त्या देवाशी हिशेब घालीनाशा झाल्या. वडिलांनी दान दिले आणि धान्याची वाट पाहिली. त्या वाटाघाटीत वडील हरले होते. मुलीने वाटाघाटच सोडून दिली.

याची कसोटी लवकरच लागली. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्यांनी प्रथम जायचे टाळले. हाताशी पैसा नव्हता, सदनाचीच ओढाताण होती. पण वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ त्यांना रात्री झोपू देईना. पाला खाल्लेला होता तो त्यांनी स्वतः. शेवटी त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि रस्त्याकडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या. त्यांना चार घास देऊन घरी नेण्याचे आमिष दाखवणारी वाईट माणसेही तेथे फिरत होती. रमाबाईंनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. पुण्यात नेमकी प्लेगची साथ, शहरात त्यांना ठेवता येईना. पुण्यापासून सुमारे 35 मैलांवर, रेल्वेमार्गावर केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे 100 एकर जमीन होती. तेथे तंबू ठोकले, छपरे घातली आणि मुक्ती सदन सुरू झाले.

आणलेल्या सगळ्याच वाचल्या नाहीत. काहींचे शरीर इतके खालावले होते की अन्नही पचेना. ज्या वाचल्या त्यांतल्या कितीतरी मुली चोऱ्या करीत, भांडत, अन्न लपवून ठेवत. भुकेने माणसाचे काय होते हे रमाबाईंना नव्याने शिकायचे नव्हते. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी पुन्हा माणसे पाठवली आणि मुक्तीतली संख्या 1900 च्या आसपास गेली. तोवर बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षे संपली होती. इतक्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचे आणि उद्याची तरतूद नाही, असे दिवस अनेक आले. त्या प्रार्थना करीत आणि उठून कामाला लागत. विहिरी खणल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू केला. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय झाली. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसणे असे समजणाऱ्याने केडगावचा एक दिवस पाहायला हवा होता.

कान जवळजवळ गेले होते. मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. तिचे शिक्षण परदेशात आणि मुंबई विद्यापीठात झाले. गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा चालवली. आपल्यामागे तीच सर्व पाहील असे रमाबाईंनी धरले होते. 24 जुलै 1921 रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा वारली. वय चाळीस. आप्तांपैकी उरलेले हे एकच माणूस होते.

आम्ही हे चरित्र पहिल्यांदा वाचले तेव्हा येथे पुस्तक मिटून ठेवले होते. सर्व केल्यानंतर, हजारो परक्या मुली वाचवल्यानंतर, स्वतःची एकुलती एक मुलगी जावी? अनंतशास्त्र्यांच्या मुलीने 1874 मध्ये विचारलेला प्रश्न तिने 1921 मध्ये पुन्हा विचारला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी काम थांबवले नाही, आणि ते काम मोठे होते. मराठी बायबलची भाषा त्यांना जड वाटे, खेड्यातल्या बाईला ती कळत नसे. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले होते. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या ते करीत होत्या. ज्या बाईला भागवत तोंडपाठ, तिने संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढावेत, हे विशेष.

मनोरमा गेल्यावर आठ महिने त्या जगल्या. प्रकृती ढासळली होती तरी खिळे जुळवून आलेले कागद रोज त्यांच्यापुढे येत आणि त्या ते तपासून परत पाठवीत. शेवटचे कागद हातावेगळे होईपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्यांनी देवापाशी मागितले होते असे सांगतात. ते कागद तपासून झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी झोपेतच त्यांचे प्राण गेले. चौसष्ट वर्षे पुरी व्हायला अठरा दिवस कमी होते.

भारत सरकारने 1989 मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती सदन आजही चालू आहे आणि तेथेच त्यांना पुरले आहे. त्यांचे बायबल संपूर्ण छापून बाहेर पडले ते 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवण्यापासून पाने शिवण्यापर्यंतचे काम तेथल्या बायकामुलींनी केले होते.